मालाच्या पुढे धावणारी बातमी : घोडेगावचा कांदा आणि संवेदकांचे युग

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे, शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या फाट्याचे गाव दोन बाजारांमुळे पंचक्रोशीबाहेर ओळखले जाते : एक जनावरांचा आणि दुसरा कांद्याचा. नेवासे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या येथील उपबाजारात कांदा गोण्यांत भरून येतो, वक्कलावक्कलाने, म्हणजे एकेका राशीने, त्याचा लिलाव होतो आणि वजनकाट्यावरून उतरलेला माल मालमोटारींत चढून दूरच्या शहरांकडे, तर कधी मुंबईजवळच्या बंदराकडे रवाना होतो. या मालाची वाहतूक बैलगाडीपासून कंटेनरपर्यंत कशी बदलत गेली, याचे वर्णन अनेकांनी केले आहे. पण माल कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, ही माहिती कोणाला, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने मिळत गेली, हा त्या वाहतुकीच्याच इतिहासाचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. आज ज्याला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात ते उपकरण, म्हणजे तापमान, भार, ओलावा, वायू किंवा स्थान यांतील बदल विजेच्या संकेतात रूपांतरित करणारे आणि तो संकेत जाळ्यावरून दूर पाठवण्याच्या सोयीचे छोटे यंत्र, या इतिहासात अगदी अलीकडे अवतरले आहे. त्याने मालधनी, वाहतूकदार, व्यापारी आणि सरकार यांच्या हातातील बळाची वाटणी बदलली आहे. शेतकऱ्याच्या हाती मात्र त्यातले फारच थोडे पडले आहे.

रेल्वे येण्यापूर्वी जिल्ह्यातील धान्य, तेलबिया आणि कापूस बैलगाड्यांतून व लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून बाहेर जात असे, आणि मालाची बातमी मालाच्याच वेगाने, बहुधा तो हाकणाऱ्या माणसाच्याच तोंडून, पोहोचत असे. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगर शहर मुंबईकडे व उत्तरेकडे जाणाऱ्या दोन्ही मोठ्या मार्गांना जोडले गेले. या मार्गाबरोबर स्थानकास्थानकांत तारयंत्र आले. गाडी सुटल्याची वर्दी गाडीच्या आधी पुढच्या स्थानकावर पोहोचू लागली, आणि नगरच्या पेढीवाल्याला मुंबईतील भाव त्याच दिवशी कळण्याची सोय झाली. माल वाघिणीत भरला की रेल्वेची पावती हाती पडे, ती टपालाने मुंबईच्या अडत्याकडे जाई, आणि ज्याच्या हाती पावती त्याचा माल असा व्यवहार रूढ झाल्याने माल वाटेत असतानाच त्यावर उचल मिळू लागली. बातमी मालाला मागे टाकून पुढे जाऊ लागली, हा या इतिहासातील पहिला मोठा पालट होय, आणि त्याचा लाभ ज्यांच्याकडे तारेचे पैसे व शहरात माणूस होता त्यांनाच झाला.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मालमोटारीने रेल्वेचे बरेचसे काम आपल्याकडे घेतले. रेल्वेच्या पावतीची जागा ट्रान्सपोर्ट कार्यालयाच्या बिल्टीने घेतली, तारेची जागा ट्रंक कॉलने आणि पुढे एसटीडी बूथने. १९७० च्या दशकापासून मुळा धरणाच्या कालव्यांचे पाणी नेवासे तालुक्याला मिळू लागले, ऊस वाढला, सोनई आणि भेंडे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि उसाला लागणारे पाणी किंवा धीर ज्यांच्यापाशी नव्हता त्यांनी कांदा धरला. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलाव, परवानाधारक व्यापारी आणि अधिकृत तोल यांची चौकट घालून दिली. १९८४ साली स्थापन झालेले राज्याचे कृषी पणन मंडळ आणि २००० साली केंद्राने सुरू केलेले ॲगमार्कनेट यांच्यामुळे कोणत्या बाजारात किती आवक झाली व काय भाव निघाला, हे आकडे रोजच्या रोज उपलब्ध होऊ लागले. मोबाइल फोन खेडोपाडी पोहोचल्यावर घोडेगावच्या शेतकऱ्याला नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या कांदा बाजाराचा भाव गाडी भरण्यापूर्वीच कळू लागला. तरीही ही सगळी माहिती बाजाराविषयी होती. खुद्द त्याच्या गोणीतील मालाविषयीचे कोणतेही मोजमाप त्याच्यापाशी नव्हते.

मालाला स्पर्श करणारा पहिला संवेदक घोडेगावच्या बाजारात कोणतीही घोषणा न होता आला, कारण तो वजनकाट्याच्या पोटात दडलेला होता. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या तबकाखाली पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याला भारपेशी, अर्थात लोडसेल, म्हणतात. या ठोकळ्यावर नागमोडी वळणांची अतिशय बारीक धातूची पट्टी चिकटवलेली असते, गोणी पडताच ठोकळा डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल किलो-ग्रॅमच्या आकड्यात रूपांतरित होऊन लाल अक्षरांत उमटतो. ताण मोजण्याच्या या पट्टीचा शोध १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे लावला. तिचा पहिला उपयोग विमानांचे भाग व इमारतींचे सांगाडे तपासण्यासाठी झाला, आणि कित्येक दशकांनी तीच पट्टी कांद्याच्या गोणीखाली आली. तराजूच्या काळात मापाड्याच्या हाताची सफाई, दांडीचा झोल आणि कडता यांवर शेतकऱ्याच्या कमाईतील काही किलो ठरत असत. आता हमाल गोणी तबकावर टाकतो, आकडा क्षणभर थरथरतो, स्थिर होतो, आणि शेतकरी, अडत्या व खरेदीदाराचा माणूस अशा तिघांनाही एकाच वेळी दिसतो. एकच माप सर्वांना एकाच क्षणी दिसणे ही गोष्ट साधी वाटते, पण बाजाराच्या इतिहासात तिचे मोल फार मोठे आहे.

या उपकरणाने माणसांच्या कामाची फेरमांडणीही केली, आणि ती बिनवादाची झाली नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमाल व तोलणारांना संरक्षण दिले होते, त्यांची मजुरी हमाली व तोलाई या नावांनी हिशेबपट्टीतून कापली जात होती. गाडी थेट भुईकाट्यावर उभी राहू लागल्यावर तोलण्याचे काम कोणी केले आणि तोलाई कोणाची, असा प्रश्न उभा राहिला. २०२४ च्या एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांमधील कांद्याचे लिलाव हमाली, तोलाई व लेव्हीच्या याच वादात बंद पडले, आणि व्यापारी व हमाल या दोन्ही पक्षांत न बसणारा शेतकरी भरलेल्या ट्रॉलीजवळ ताटकळत राहिला. उसाच्या बाबतीत वाद उलट्या दिशेचा होता : तेथे यंत्र होते, पण ते खरेदीदाराच्या आवारात व त्याच्याच ताब्यात होते, म्हणून काटामारीची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली, आणि काट्याचा आकडा परस्पर सरकारी नोंदीत जावा अशी मागणी शेतकरी संघटनांनी लावून धरली. काटा किती अचूक आहे याच्या जोडीला तो कोणाच्या ताब्यात आहे हेही पाहावे लागते, हा धडा पुढच्या प्रत्येक संवेदकाला लागू पडला.

माल किती आहे याचे उत्तर असे काट्याने दिले. तो कोठे आहे याचे उत्तर मिळायला आधी मालाला यंत्राला वाचता येईल अशी ओळख द्यावी लागली. भारतात या विचाराची पहिली सार्वजनिक पायरी टपाल खात्याने गाठली, आणि तिचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला, ज्यातील पहिला आकडा विभाग, पुढचे दोन आकडे उपविभाग व टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय दाखवतात. नगर जिल्ह्याच्या मोठ्या भागातील पत्त्यांना ४१४ हे आकडे त्या वेळी चिकटले ते आजही प्रत्येक पार्सलवर आहेत, आणि घरपोच माल पोहोचवणाऱ्या नव्या कंपन्यांची सगळी वर्गीकरण यंत्रे आजही त्याच आकड्यांवर भिस्त ठेवतात.

पार्सलवर पत्ता असतो, परंतु समुद्रापार जाणाऱ्या मालाची ओळख कंटेनरशी जोडली गेली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून धातूच्या पेट्या नेल्या आणि कंटेनरयुगाला सुरुवात झाली. महाराष्ट्रात या युगाचे मोठे केंद्र म्हणजे १९८९ साली कार्यान्वित झालेले न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर. पेटीमुळे हाताळणी सोपी झाली, पण बंदराच्या फाटकातून बाहेर पडलेली पेटी मालकाच्या दृष्टीने नाहीशी होत असे आणि ती गोदामात दाखल झाल्याचा फोन येईपर्यंत तिचा ठावठिकाणा अंदाजानेच सांगितला जाई. २०१६ साली याच बंदरात ‘लॉजिस्टिक्स डेटा बँक’ हा उपक्रम सुरू झाला, ज्यात प्रत्येक कंटेनरला रेडिओ लहरींनी वाचता येणारी चकती लावली जाते. या चकतीत बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या लहरींमधूनच ती आपल्यापुरती ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक परत पाठवते. फाटक, टोलनाका, अंतर्देशीय कंटेनर आगार अशा ठिकठिकाणी बसवलेल्या वाचकांपुढून पेटी गेली की वेळ व ठिकाण नोंदले जाते, आणि निर्यातदार आपल्या कार्यालयात बसून तिचा माग काढू शकतो. २०१७ पासून निर्यातदाराने स्वतः बंद केलेल्या पेट्यांना अशाच लहरींवर चालणारे इलेक्ट्रॉनिक सील लावण्याचा नियम सीमाशुल्क खात्याने आणला, त्यामुळे दार मध्येच उघडले गेले का, हेही सीलच सांगू लागले. वस्तूंनी स्वतःची खबर स्वतः द्यावी या कल्पनेला ‘वस्तूंचे आंतरजाल’ हे नाव केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये दिले होते. न्हावा शेव्याच्या फाटकावर ती कल्पना महाराष्ट्राच्या शेतमालाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भेटली.

रस्त्यावरील मालमोटारीचा माग मात्र वेगळ्या तंत्राने लागला. आकाशातील उपग्रह सतत आपली वेळ प्रसारित करत असतात, गाडीतील यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकते, त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून आपले स्थान काढते आणि मग गाडीत बसवलेल्या सिमकार्डाच्या आधारे ते स्थान मोबाइलच्या जाळ्यातून मालकाला कळवते. म्हणजे उपग्रह फक्त सांगतो, ऐकतो तो गाडीतील यंत्राचा भाग, आणि बातमी पोहोचवतो तो मोबाइलचा मनोरा. अमेरिकेने २ मे २००० रोजी नागरी वापरासाठीच्या संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली, आणि पुढच्या दशकांत मोबाइलचे दर घसरल्यावर हे यंत्र सामान्य ट्रकमालकाच्या आवाक्यात आले. त्याला इंधनाच्या टाकीतील पातळी मोजणारी दांडी, इंजिन चालू आहे की बंद हे सांगणारी तार आणि दार उघडल्याची खबर देणारी कळ जोडली गेली. चालकाच्या दृष्टीने हा बदल सुखाचाच होता असे म्हणता येणार नाही, कारण ढाब्यावरचा विसावा, वाटेतील घराकडे घेतलेली वळणे आणि इंजिन बंद न करता काढलेली झोप हे सगळे दूरच्या पडद्यावर दिसू लागले. मालकाला वाटचालीची खात्री मिळाली, पण चालकाच्या थकव्याची नोंद करण्याची तळमळ त्या मानाने क्वचितच दिसली, ही या तंत्राच्या वापरातील खरी उणीव आहे.

जकात नाके आणि राज्यांच्या सीमेवरील विक्रीकर तपासणी १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मागे पडली, आणि कागदी तपासणीची जागा इलेक्ट्रॉनिक नोंदीने घेतली. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरील टोलसाठी फास्टॅग सक्तीचा झाला, जो कंटेनरवरील चकतीसारखाच बॅटरीविना चालतो. या दोन नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेल्या एकात्मिक मंचाने वाहन, टोल, रेल्वे व बंदर यांच्या माहितीसाठी एकच दार उघडले. येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ताज्या कांद्यावर वस्तू व सेवा कर नाही, आणि म्हणून त्याच्या वाहतुकीला ई-वे बिलही लागत नाही. परिणामी घोडेगावहून निघालेली कांद्याची गाडी टोलनाक्यावर वाहन म्हणून दिसते, पण तिच्यातील माल देशाच्या या नोंदव्यवस्थेला दिसत नाही. करातून सुटका ही शेतकऱ्याच्या हिताचीच आहे. मात्र मोजणी करवसुलीच्या पाठोपाठ चालते आणि जेथे कर नाही तेथे व्यवस्थेचे लक्षही जात नाही, हे त्यातून उघड होते.

घोडेगावच्या दुसऱ्या बाजारात ओळखीची ही पायरी वेगळ्या कारणाने आली. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाच्या साथीने राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, आणि कोणते जनावर कोठून कोठे गेले याची नोंद नसल्याचे नुकसान सर्वांनी भोगले. पुढे राज्य सरकारने कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री १ जून २०२४ पासून बंद केली. हा बिल्ला संवेदक नाही. तो काही मोजत नाही, केवळ ओळख सांगतो. पण त्या क्रमांकाखाली लसीकरण, उपचार व मालकीबदल यांची नोंद होऊ शकते, आणि पुढे कधी जनावराच्या गळ्यात ताप व हालचाल मोजणारा पट्टा आला तर तो याच क्रमांकाला जोडला जाईल. कांद्याच्या गोणीला मात्र असा क्रमांक नाही. लिलाव संपून माल एकत्र झाला की कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याचा तो कांदा, हे कोणालाही सांगता येत नाही.

ठावठिकाणा कळणे म्हणजे माल सुखरूप असणे नव्हे, याचा कटू अनुभव कांद्याच्या व्यापाराने दोनदा घेतला. १४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली, तेव्हा न्हावा शेव्याला कंटेनर आणि बांगलादेशच्या सीमेवर ट्रक अडकून पडले. डिसेंबर २०२३ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने ८ तारखेपासून निर्यात थांबली, ती मे २०२४ मध्ये किमान मूल्य व ४० टक्के शुल्क यांच्या अटींसह खुली झाली. या दोन्ही वेळी कोणती पेटी कोणत्या आगारात उभी आहे, याची माहिती निर्यातदाराला मिळू शकत होती, पण तिला पुढे नेण्याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी नव्हते. पेटीच्या आत कांद्याला कोंब फुटत होते आणि काजळी चढत होती, ही खबर कोणत्याही चकतीत साठलेली नव्हती.

मालाची अवस्था मोजण्याचा सराव महाराष्ट्रात आधी झाला तो द्राक्ष आणि लस या नाजूक व मोलाच्या वस्तूंवर. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाग्रेप्सने द्राक्षबागाईतदारांच्या संस्थांना एकत्र आणून पूर्वशीतकरण आणि शीतगृहे यांची घडी बसवली. तोडलेल्या द्राक्षांची उष्णता काही तासांत काढून घ्यायची आणि मग ती शून्य अंशाच्या आसपास राखत युरोपपर्यंत न्यायची, ही ती शिस्त. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळल्यानंतर केंद्राच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे अपेडाने, २००६ मध्ये ग्रेपनेट ही माग काढण्याची प्रणाली उभारली, ज्यामुळे खोक्यावरील क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोहोचता येऊ लागले. कंटेनरमध्ये ठेवलेली तापमाननोंद यंत्रणा पूर्वी मुक्कामी पोहोचल्यावर उघडून वाचावी लागे. २०१७ च्या सुमारास मोठ्या जहाज कंपन्यांनी समुद्रात असतानाच शीतपेटीचे तापमान ग्राहकाला दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डच्या खोक्यांनी भरलेल्या तीन शीतवाहन मोटारी विमानतळाकडे निघाल्या, तेव्हा दोन ते आठ अंश सेल्सियस ही मर्यादा आणि तिची अखंड नोंद हे शब्द वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचले. या मालाच्या मागे परदेशी खरेदीदाराची अट किंवा राष्ट्रीय निकड होती, म्हणून त्याची अवस्था मोजली गेली. कांद्यामागे दोन्ही नव्हते.

कांद्याची खरी कहाणी चाळीत घडते. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी, म्हणजे या भागातील बोलीत गावरान, कांदा सुकवून, पात कापून, निवडून चाळीत भरला जातो, आणि दिवाळीच्या आगेमागे नवा लाल कांदा येईपर्यंत देश त्याच साठ्यावर जगतो. कांदाचाळ ही जमिनीपासून उचललेल्या, खालून व बाजूंनी हवा खेळणाऱ्या अरुंद कप्प्यांची शेड असते आणि शासकीय योजनेतून २५ टनांपर्यंतच्या चाळीला अनुदान मिळत आले आहे. उघड्या हवेवरच्या अशा साठवणीसाठी २५ ते ३० अंश तापमान व ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जितके बाष्प धरू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेले बाष्प, योग्य मानली जाते. जून उजाडला की ही मर्यादा पाळणे शेतकऱ्याच्या हाती राहत नाही. वजनातील घट, सड आणि कोंब मिळून साठवलेल्या कांद्यापैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक हातचा जातो, ही बाब राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या कामाला कायम आव्हान देत आली आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या सुरुवातीला उभारलेला विकिरण प्रकल्प कोंब रोखतो, पण सड थांबवणे त्याच्या आवाक्यात नाही.

सड ओळखण्याची परंपरागत रीत नाकाची आहे. सकाळी चाळीच्या बाजूने चालत जाताना आंबूस वास आला, किंवा तळाच्या फटींतून काळपट पाणी ठिबकताना दिसले, की शेतकरी कप्प्याच्या पट्ट्यांमधून हात घालून चार कांदे काढतो, दाबून पाहतो आणि बोट मऊ भागात रुतले की चाळ फोडायची वेळ झाली असे ठरवतो. अडचण अशी की वास बाहेर येईपर्यंत सड एका कांद्यावरून आसपासच्या अनेक कांद्यांवर गेलेली असते. याच जागी नव्या उपकरणाने पाय ठेवला. लासलगावच्या कल्याणी शिंदे या अभियंता तरुणीने नाशिकमधील टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर या नवोपक्रम केंद्रात काम करत ‘गोदाम इनोव्हेशन्स’ उभी केली आणि कांद्याच्या साठ्यातील तापमान, आर्द्रता व सडताना सुटणारे वायू मोजून सड पसरण्याआधीच सूचना देणारे यंत्र विकसित केले. अशा यंत्रातील वायुसंवेदकात सामान्यतः तापवलेल्या धातू-ऑक्साइडचा पातळ थर असतो, विशिष्ट वायू त्यावर आला की त्याचा विद्युतरोध बदलतो. म्हणजे काट्यातील पट्टी आणि चाळीतील हे यंत्र यांचे मूळ तत्त्व जवळजवळ एकच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये कांद्याच्या साठवणीवर तोड सुचवण्याचे देशव्यापी आव्हान जाहीर केले, कारण भाव स्थिर ठेवण्यासाठी घेतलेला सरकारी साठाही त्याच चाळींत त्याच सडीला सामोरा जात होता. त्या साठ्यातील १,६०० टन कांदा ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकहून ‘कांदा एक्स्प्रेस’ने दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर पोहोचला, तेव्हा गाडीची वाटचाल रेल्वेच्या संगणकावर पूर्णपणे दिसत होती.

या यंत्रांविषयी उत्साह रास्त आहे, पण त्यांच्या मर्यादा सांगितल्या नाहीत तर तो शेतकऱ्याला महागात पडेल. चाळीत धूळ असते, वीज जाते, मोबाइलचे जाळे पावसात दगा देते, आणि वायुसंवेदक काही काळाने मूळ आकड्यापासून सरकतात, म्हणून त्यांचे पुनःप्रमाणीकरण करावे लागते. ढिगाच्या वरच्या थरात ठेवलेले यंत्र तळाची सड उशिरा सांगते. याहून गंभीर प्रश्न बाजाराचा आहे. पावसाची एकच झड संपूर्ण नेवासे, राहुरी व पाथर्डी पट्ट्यावर पडते, म्हणजे शेकडो चाळींतील यंत्रे एकाच आठवड्यात एकच इशारा देतील, सगळे शेतकरी एकदम चाळी फोडतील, निवडीला मजूर मिळणार नाहीत आणि घोडेगावच्या उपबाजारात आवक वाढून भाव पडेल. एकेका चाळीला शहाणपणाचा असलेला सल्ला सगळ्यांनी एकाच वेळी मानला तर त्याचे फळ उलटे मिळते. यावर उपाय यंत्रात सापडणार नाही. कोणता माल आधी काढायचा व कोणता थांबवायचा, याचा विचार गावपातळीवर एकत्र बसूनच करावा लागेल.

दुसरा प्रश्न आकड्यांच्या मालकीचा आहे. चाळीतील यंत्र व्यापाऱ्याने किंवा मोठ्या खरेदीदार कंपनीने बसवून दिले आणि माहिती आधी त्याच्या पडद्यावर गेली, तर कोणाचा कांदा फार दिवस टिकणार नाही, हे लिलावापूर्वीच खरेदीदाराला कळेल, आणि सौदा सुरू होण्याआधीच शेतकरी हरलेला असेल. उलट तीच माहिती शेतकऱ्याकडे राहिली आणि चांगल्या साठवणीची नोंद म्हणून मालाबरोबर बाजारात गेली, तर टिकाऊ मालाला वेगळा भाव मागण्याचा आधार त्याला प्रथमच मिळेल. आज वक्कलाचा भाव ठरतो तो आकार, रंग, पत्ती आणि खरेदीदाराची नजर यांवर. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड कांदा अशी प्रतवारी होते, पण हा कांदा चेन्नईला किंवा गुवाहाटीला पोहोचेपर्यंत किती टिकेल, याचे मोल त्यात कोठेही धरलेले नाही.

नेवासे तालुक्याला संस्थांची उणीव नाही. बाजार समिती आहे, सहकारी कारखान्यांचा अनुभव आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, आणि १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ शेजारच्या राहुरीतच असून हवामान-सुसंगत शेतीच्या प्रकल्पातून त्याने संवेदकांवर आधारित सिंचनाचे काम केलेले आहे. ही सिद्धता पाण्यापुरती न ठेवता कांद्याच्या साठवणीकडे वळवणे आता अगत्याचे आहे. गावातील पाच-दहा चाळींनी मिळून यंत्रे घ्यावीत, त्यांचे प्रमाणीकरण विद्यापीठाने करावे, आकडे शेतकऱ्यांच्या गटाच्या नावे राहावेत, आणि घोडेगावच्या उपबाजारात वक्कलाच्या चिठ्ठीवर वजनाशेजारी साठवणीच्या नोंदीसाठी एक रकाना बाजार समितीने सुरू करावा. या रकान्यासाठी नवा कायदा लागत नाही. बाजार समितीच्या बैठकीतील एक ठराव त्याला पुरेसा आहे, आणि तो येत्या उन्हाळी हंगामाआधी व्हावा.